थंडीत डिझेल इंजिन घेईना: तुमचे अनुभव सांगा

डिसेंबर लागला की आमच्या गल्लीत कोंबड्याच्या आधी गाड्यांचे सेल्फ ओरडतात. परवा पहाटे भाजी घेऊन मार्केटला निघायचं, तर आमचा टेम्पो घर्रर्र करून गप्प. बॅटरी नवी, टाकी भरलेली. शेजारच्यांनी निदान केलं, "थंडीनं डिझेल गोठलंय बघा." मला काही ते पटलं नाही. बेळगावात पारा 10-12 अंशांवर आला तरी आपण कानटोप्या काढतो, पण हिवाळी डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरातून वाहिलंच पाहिजे असं मानक आहे. मग अडतंय कुठं? खानापूर, चिकोडी, निपाणीकडच्यांनी आपापलं लिहा.

जांबोटीहून, पिकअपवाला
आमच्याकडं तुमच्या शहरापेक्षा गारठा जास्त. माझी गाडी दुपारी एका सेल्फात घ्यायची, पहाटे मात्र दहा-दहा वेळा मारायला लागायचं. घेतली तरी लटलट हलायची आणि मागनं पांढरा धूर. नोझल साफ केली, फिल्टर बदलला, दोन हजार गेले. शेवटी उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रीनं मीटर लावला. चारपैकी दोन हीटर प्लग, म्हणजे सेल्फ मारण्याआधी आतली हवा तापवणारे प्लग, मेलेले! तो म्हणाला, "डिझेलला ठिणगी नसते रे बाबा. हवा दाबून तापते, त्या तापावर डिझेल पेटतं. लोखंड गार असलं की तो ताप लोखंडच खाऊन टाकतंय." पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हेही तेव्हाच कळलं. दुपारी दोन प्लगांवर निभायचं, पहाटे निभत नव्हतं. आता चारही बदललेत आणि चावी फिरवल्यावर लागणारा हीटरचा दिवा विझेपर्यंत सेल्फला हात लावत नाही. पोरगा मात्र अजून चावी घातली की थेट मारतो. त्याला कोण सांगणार!

खानापूर तालुका, ट्रॅक्टर
आमचं दुखणं एअरचं, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरायचं. मळणीच्या दिवसांत रोज सकाळी तेच. मामांना फोन केला.
"मामा, घेऊलाच नाही वो."
"काल रात्री बंद केलास तवा कसा होता?"
"झकास."
"मग रातभर डिझेल टाकीत माघारी गेलंय. फिल्टराचा वॉशर बघ."
वॉशर कडक होऊन चिरलेला. गारठ्यात रबर आणखी आखडतं, तिथनं हवा शिरायची. फिल्टरावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारला, आधी फेस आला, मग सलग डिझेल. स्क्रू आवळला, पहिल्या सेल्फात घेतला. वॉशरची किंमत सांगायला लाज वाटते.

निपाणी
आमच्या आजोबांचं विहिरीवरचं हँडलचं इंजिन होतं. थंडीत ते बंबातलं कढत पाणी हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) पाण्याच्या जाकिटात ओतायचे, मग हेडवरचा लिव्हर उचलून हँडल फिरवायचे. वेग आला की लिव्हर खाली, आणि धाड्! लिव्हर उचलला की दाब सुटतो, म्हणून फिरवायला हलकं. इंजिनाला आंघोळ आधी, आम्हाला मागनं.

ऊस वाहतूक, चिकोडी
कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रात्रभर टेप वाजवला आणि सकाळी बॅटरीला शिव्या दिल्या. गारठ्यात बॅटरीची ताकद घटते आणि ऑइल घट्ट होऊन इंजिन फिरायला जड जातं, दोन्ही एकदम. आता टेप फक्त इंजिन चालू असताना. गाडी मात्र उतारावरच लावतो.

कणकुंबी
मूळ प्रश्नातल्या 6 अंशांबद्दल. ते हिवाळी डिझेलचं. उन्हाळी डिझेलला हीच मर्यादा 18 अंशांची आहे. आमच्या पंपसेटसाठी मे महिन्यात भरून ठेवलेला कॅन जानेवारीत उघडला, तर डिझेल गढूळ आणि फिल्टरात मेणचट साय. तेव्हा शेजाऱ्यांना अगदीच वेड्यात काढू नका. अर्ध्या टाकीत रात्री दव धरून तळाला पाणी साचतं तेही निराळंच. फिल्टराखालचा नट सोडून पाणी काढत जा.

पुन्हा जांबोटी
एक राहिलंच. कुणी हवेच्या पाइपात स्टार्टिंग स्प्रे मारायला सांगेल. हीटर असलेल्या इंजिनात अजिबात मारू नका. तापलेल्या प्लगावर तो वेळेआधी भडकतो, पिस्टन फुटायची वेळ येते.

धागा काढणारा
सगळ्यांचं वाचून आज मीटर घेऊन बसलो. चारही प्लग ठणठणीत, पण त्यांच्यापर्यंत करंटच येत नव्हता. प्लगांना करंट सोडणाऱ्या रिलेकडची वायर उंदरानं कुरतडलेली. इंजिनावर चिंध्या आणि भाताचा पेंढा घालून पठ्ठ्यानं उबेला घर केलं होतं. वायर जोडली, दिवा विझेपर्यंत थांबलो, अर्ध्या सेल्फात घेतला. उंदीर अजून सापडलेला नाही.