मदत हवी आहे: रेसच्या गाडीसाठी बंद ट्रेलर घ्यावा का? स्कॉर्पिओने ओढता येईल का? (इंदूर)

लोकमान्यनगरची_लेक

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच अडलंय.

आम्ही इंदूरचे, मी आणि माझा दादा. दादा रेसिंग करतो, जुनी मारुती एस्टीम आहे, आतून पूर्ण सोललेली, रोल केज (आतला लोखंडी नळ्यांचा पिंजरा) टाकलेला. टायर, पेट्रोल, लॅप टाइम, एंट्रीचे कागद हे सगळं माझ्याकडे. आता पीथमपूरचं नॅट्रॅक्स घरापासून जवळ असलं तरी तो टेस्टिंगचा ट्रॅक, रेस करायची तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै नाहीतर कोईमतूरचा करी ट्रॅक, म्हणजे एका बाजूचेच चौदाशेच्या वर किलोमीटर धरा.

आत्तापर्यंत भाड्याच्या आयशर ट्रकमधून नेतोय. गेल्या वेळी उघडी आयशर मिळाली, वर ताडपत्री टाकून पाठवली आणि बिजासन घाटात कुठेतरी एक पट्टा सैल झाला असणार, कारण कोईमतूरला ताडपत्री काढली तर पुढचं डावं चाक लाकडाच्या ठोकळ्यावर चढून बसलेलं, बंपरचा कोपरा फळीला घासून घासून आतलं फायबर दिसायला लागलेलं, सीटमध्ये पाणी, आणि मागच्या पट्ट्याची रॅचेट (पट्टा आवळायची कळ) चिखलाने इतकी जाम की शेवटी पट्टा कापला. दादा काही बोलला नाही, रात्री दोनपर्यंत हेअर ड्रायर घेऊन सीट वाळवत बसला होता. मला ते बघवलं नाही हो.

म्हणून ठरवलं की आपला स्वतःचा बंद ट्रेलर हवा, चारी बाजूंनी पत्रा, मागे रॅम्पचं दार, आणि ओढायला घरची स्कॉर्पिओ. इथल्या एका फॅब्रिकेटरकडे विचारलं, तो म्हणतो सोळा फुटी पेटी, एकच एक्सल, रिकामी साधारण ९०० किलो, आणि ब्रेकची काही गरज नाही, स्कॉर्पिओचे पुरतात. हे बरोबर आहे का? एक एक्सल पुरेल का? गाडी ८५० च्या आसपास, सामान १५० धरलंय. कोणी असं टोचन करून लांब नेलं असेल तर प्लीज सांगा.

पाटे_आणि_एक्सल

ताई, ब्रेकची गरज नाही म्हणणाऱ्याकडे परत जाऊ नका. मी देवासला तीस वर्षं जड गाड्यांचं काम केलंय. सपाटीवर तुम्हाला काही जाणवणार नाही, स्कॉर्पिओ आरामात ओढेल, डिझेलचं इंजिन आहे. खेळ सुरू होतो उतारावर. मानपूर सोडून खाली उतरताना गणपती घाटात ब्रेक फेल होऊन काय काय झालंय ते इंदूरच्या माणसाला मी काय सांगू. मागून दोन टन ढकलत असताना तुम्ही वळणावर ब्रेक मारला की पुढची गाडी थांबायला बघते, मागची थांबत नाही, आणि दोघी मधून दुमडतात.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. एक प्रकार ओव्हररनचा, त्यात कपलरमध्ये (ट्रेलर गाडीला जोडायच्या भागात) सरकता दांडा असतो, पुढची गाडी हळू झाली की ट्रेलर तिच्या अंगावर येतो, दांडा आत जातो आणि ट्रेलरचे ब्रेक लागतात. सोपं आहे, पण लांब उतारावर ट्रेलर सारखाच अंगावर असतो त्यामुळे ब्रेक लागलेलेच राहतात आणि तापतात. त्यामुळे घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर टाकायचा, मधे जाऊन नाही. दुसरा प्रकार इलेक्ट्रिक, त्याचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी असतो, महाग पडेल पण मी तेच घेईन.

एक्सल दोन घ्या. एका एक्सलवर टायर फुटला तर पेटी त्या बाजूला बसते, दोनवर सावरायला वेळ मिळतो. आणि निघायच्या आधी बेअरिंगमध्ये ग्रीस, दर दोन तासांनी थांबून हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) हात ठेवून बघा, एक हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तिथेच थांबायचं.

ओहायोकर

मी मूळचा रामबागेतला, आता ओहायोत. इकडे शनिवार-रविवारी माझी छोटी स्पोर्ट्स कार, मियाटा, बंद ट्रेलरमधूनच नेतो म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे हुकवर येणारं वजन. इकडे नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकच्या बॉलवर यायला हवा. कमी आला, म्हणजे सामान एक्सलच्या मागे गेलं, की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो, वाढत वाढत पुढच्या गाडीलाही हलवतो. माझं एकदा झालंय, बाजूने मोठा ट्रक गेला आणि सुरू झालं, घशाला कोरड पडली होती. तेव्हा स्टिअरिंग सरळ धरायचं, अॅक्सिलरेटर सोडायचा, गाडीचा ब्रेक मारायचा नाही, फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावायचा. ओव्हररनमध्ये हे करता येत नाही, म्हणून वरच्या काकांचं इलेक्ट्रिकचं म्हणणं अगदी पटलं. बंद पेटीला बाजूचा वाराही उघड्या ट्रेलरपेक्षा कितीतरी जास्त लागतो हे धरून चाला.

हुकचं वजन घरी मोजता येतं. एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं बाथरूमच्या वजनकाट्यावर. ट्रेलरचा दांडा विटेपासून एक फूट आणि काट्यापासून दोन फूट अंतरावर फळीवर टेकवा. काटा जे दाखवेल त्याच्या तिप्पट हुकचं वजन. चाकांना आधी ठोकळे लावा.

अजून एक, इकडच्या ट्रेलरचे प्लॅन बघून बनवून घेणार असाल तर बाजूचं छोटं दार उलट करून घ्या. आमच्याकडे ड्रायव्हर डावीकडे म्हणून दार डावीकडे. तुमच्या एस्टीमला ते उजवीकडे हवं, नाहीतर दादा गाडी आत घालेल आणि दारच उघडणार नाही, रोल केजमधून खिडकीतून निघावं लागेल. त्यापेक्षा विंच (दोराने गाडी आत ओढणारं यंत्र) लावा. आणि पेट्रोलचे कॅन आत ठेवणार असाल तर पेटीला वर-खाली झरोके हवेत.

महूची_मीनल

लोहा मंडीतून लोखंड आणून वेल्डरकडून करवून घेतलं तरी तो ट्रेलर रस्त्यावर कसा आणणार? कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र मोटार वाहन आहे, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन आणि नंबर लागतो, आणि आरटीओ तुम्हाला टाइप अप्रूव्हल (त्या बनावटीला सरकारमान्य मंजुरी) विचारणार. फॅब्रिकेटरला पहिला प्रश्न हाच करा. इन्शुरन्सवाल्यांकडूनही लेखी घ्या, तोंडी नको. आणि सगळं सामान एकदा धर्मकाट्यावर (गाड्या तोलायच्या काट्यावर) घाला बाई, अंदाजाने नको.

लोकमान्यनगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मीनलताई, काल देवास नाक्याजवळच्या काट्यावर जाऊन आलो. गाडी ८६५. आणि सामान... मी १५० धरत होते ना, ते ३२० भरलं! रिम्ससकट आठ टायर, जनरेटर, जॅक, तंबू, एक जास्तीचा गिअरबॉक्स, एकेक वस्तू हलकी वाटते हो. पेटी ९०० धरली तर २०८५ होतात आणि आमची रिकामी स्कॉर्पिओ तिथेच १८१० भरली. म्हणजे मागचं पुढच्यापेक्षा जड. ओहायोकर, तुमच्या हिशोबाने हुकवरच २०० ते ३०० किलो, आणि आमचा हुक बाजारातून बसवलेला, त्यावर कसला आकडाच कोरलेला नाही. फॅब्रिकेटरला टाइप अप्रूव्हलचं विचारलं तर म्हणाला, कोण बघतंय.

पाटे_आणि_एक्सल

मग या सीझनला ट्रेलर सोडा. बंद कंटेनरची आयशर घ्या, सतरा फुटी, आणि पट्टे तुमचे स्वतःचे न्या. पट्टा चेसिसला नको, चाकांवरून घाला, म्हणजे गाडी सस्पेन्शनवर डुलली तरी पट्टा सैल होत नाही. पहिल्या पन्नास किलोमीटरवर थांबून चारही पुन्हा आवळायचे, आणि ड्रायव्हरवर न सोडता तुमच्यातला एक माणूस सोबत बसवा.

लोकमान्यनगरची_लेक

काका, तेच करतोय. फॅब्रिकेटरला नाही सांगितलं, दादाला थोडं वाईट वाटलं पण काट्याची पावती बघितल्यावर त्यालाही पटलं. केबिनमध्ये मीच बसणार आहे. आता एकच विचारते, इथे ट्रान्सपोर्टनगरला माल चढवायचा प्लॅटफॉर्म आहे तिथून एस्टीम सरळ आत जाईल, पण कंटेनरचा तळ कमरेच्या वर असतो आणि आमचा पुढचा स्पॉयलर जमिनीपासून चार बोटं, साध्या फळ्यांवरून उतरवला तर घासणारच. कोईमतूरला करी ट्रॅकच्या जवळपास असा प्लॅटफॉर्म कोणाला माहीत आहे का?