जाहिरात, गाणं आणि त्या दिवशीची बातमी : तुमचे अनुभव सांगा

नमस्कार मंडळी. मी सध्या मार्केटिंगमध्ये एमबीए करतेय, दुसरं वर्ष. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

१३ मे २०२४. तेव्हा मी बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आम्ही घाटकोपरला पंतनगरला राहतो. दुपारी चारनंतर आभाळ एकदम तपकिरी झालं, धुळीचं वादळ सुटलं, आईने खिडक्या लावल्या, आणि तेवढ्यात छेडानगरच्या पेट्रोल पंपावर ते होर्डिंग पडलं. १७ माणसं गेली. १२० बाय १२० फुटांचं होतं ते, पालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची आहे. माझ्या आउटडोअर जाहिरातीच्या प्रोजेक्टमध्ये पहिल्याच पानावर त्याचा फोटो होता. हायवेवरून ते किती सेकंद दिसतं, ट्रॅफिक तुंबला की माणूस किती वेळ त्याच्याकडे बघतो, हे सगळं मी घड्याळ लावून मोजलेलं. त्याच्या खाली पेट्रोलसाठी किती रिक्षा उभ्या असतात हे कधी मोजावंसं वाटलं नाही.

त्या संध्याकाळी मोबाईलवर बातमी उघडली तर आधी एका कोल्ड्रिंकची जाहिरात लागली, म्युझिक व्हिडिओसारखी, गाणं मस्त होतं, मी दोन ओळी गुणगुणले पण, आणि मग बातमी सुरू झाली आणि आमचा पंप दिसला. ते गाणं अजून कुठे वाजलं की पोटात कालवतं.

वर्गात आम्हाला जाहिरात वेगळी, कंटेंट वेगळा, चालू घडामोडी वेगळ्या असं शिकवतात. घरी मात्र सगळं एकाच पडद्यावर एकाला एक लागून येतं. तुमच्या आठवणीत एखादी जाहिरात किंवा गाण्याचा व्हिडिओ असा एखाद्या बातमीला चिकटून बसलाय का? लहान-मोठं काहीही लिहा, जुनं असलं तर जास्तच छान.

----

मी डोंबिवलीचा, वय साठीच्या आसपास. १९८४ मध्ये आमच्या चाळीत एकच टीव्ही होता, शुक्रवारी रात्री 'ये जो है जिंदगी' बघायला पंचवीस माणसं त्या दहा बाय बाराच्या खोलीत. विको प्रायोजक होते, त्यामुळे आधी ती हळदीच्या क्रीमची जाहिरात, लग्नघर, सनई वगैरे, आणि आम्हा डोंबिवलीकरांना त्याचं जास्त कौतुक कारण कंपनीचा कारखाना आमच्या एमआयडीसीत. जाहिरात लागली की पोरं आरडाओरडा करायची, कार्यक्रम सुरू होतोय म्हणून.

३१ ऑक्टोबरला बुधवारी इंदिरा गांधी गेल्या. त्यानंतर टीव्हीवर फक्त अंत्यदर्शनाच्या रांगा आणि सारंगी. मालिका नाही, जाहिराती नाहीत. दिल्लीतल्या दंगलींबद्दल मोठी माणसं कुजबुजत बोलायची, आमच्या चाळीत एक सरदारजींचं कुटुंब होतं, त्यांच्या दाराबाहेर माझे वडील आणि अजून दोघं चार-पाच रात्री खुर्च्या टाकून बसले होते. मला त्या वयात सगळ्याचा अर्थ लागत नव्हता असं नाही, पण भीती जी होती ती त्या सारंगीची होती. मग केव्हातरी एका रात्री ती सनई परत वाजली. आई दारातच उभी होती, म्हणाली, चला, सुरू झालं बाई. त्या रात्री वडील खुर्ची घेऊन बाहेर गेले नाहीत.

ताई, तू मार्केटिंगची आहेस म्हणून सांगतो, विकोचं औषध आयुर्वेदिक की कॉस्मेटिक ह्यावरून त्यांचा एक्साइज खात्याशी वर्षानुवर्षं वाद चालला, पार सुप्रीम कोर्टापर्यंत, आणि कंपनी जिंकली. जिंगलमध्ये 'कॉस्मेटिक नाही' असं ठासून गायलेलं मला आता वकिलाच्या युक्तिवादासारखं ऐकू येतं. केस म्हणून अभ्यास कर, तुझ्या सरांना आवडेल.

----

हे माझ्या वडिलांचं आहे, ते बोलतायत आणि मी टाइप करतोय. आम्ही उमरग्याकडचे.

"मी भिंती रंगवायचो. बियाणं, खत, बिडी, सिमेंट, जे येईल ते. एसटी थांब्यासमोरची भिंत सगळ्यात भारी. मालकाला पैसे थोडे, पण भिंत फुकट रंगून मिळते म्हणून लोक हो म्हणायचे. आधी चुना मारायचा, वाळला की निळीत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची आन् मधून टिचकी मारून सोडायची, सरळ रेघ उठते. मग खडूनं अक्षर काढायचं, मग ब्रश. शिडी नसली की बैलगाडीवर उभं राहायचं.

१९९३ ला गणपतीत सिमेंटचं काम होतं, सास्तूरकडची गावं. एका घराची भिंत मिळाली, दोन-अडीच फूट जाड, दगड आन् माती. त्याच्यावर मी सिमेंटचं नाव लिवलं, खाली 'मजबूत' असं मोठं. म्हातारीनं च्या दिला. म्हणली, आता आमचं घर लांबून ओळखू येतंय.

२९ तारखेला विसर्जन झालं. लोक दमून झोपले. पहाटे चारला चार मिनिटं कमी आन् भूकंप झाला. माणसं मेली ती दगडमातीच्या घरांखाली मेली. मी आठ दिवसांनी गेलो, भाकरी वाटणाऱ्या लोकांच्या ट्रकमधून. माझी भिंत दिसंना. मग दगड दिसले, चुना मारलेले, एकावर निळा काना, एकावर अर्धा 'ज'. त्या घरात सिमेंटचं एक पोतं कधी गेलं नव्हतं, आन् मी बाहेरून सिमेंटचं नाव लिवून आलो होतो. म्हातारीचं कुणाला विचारायची हिंमत झाली नाही."

पुढे पुनर्वसनाची नवीन गावं बसली तेव्हा वडिलांनी तिथे घरांवर नंबर टाकायचं काम घेतलं, मी लहान होतो, डबा धरायला जायचो. सिमेंटच्या भिंतीला दोरीची रेघ लगेच उठत नाही हे तिथे कळलं. नंतर फ्लेक्सची मशीन आली आणि हे कामच संपलं. त्यांनी मजबूत हा शब्द परत कुठेच लिहिला नाही, हे मला त्यांनी आज पहिल्यांदा सांगितलं.

----

वरचं वाचून काही सुचत नाहीये. तरी लिहिते. आम्ही बडोद्याचे मराठी, तीन पिढ्या तिथेच. १५ ऑगस्ट १९८८ ला लाल किल्ल्यावरचं भाषण झालं आणि 'मिले सुर मेरा तुम्हारा' पहिल्यांदा लागलं. पंडित भीमसेन जोशींचा आवाज आला आणि आजोबा उठून बसले. मग एकेक भाषा येत गेली, गुजराती आली तेव्हा शेजारचे काका खूष, आणि मराठी आली तेव्हा आजोबांनी काकांच्या मांडीवर थाप मारली. हे काही विकायला केलेलं नव्हतं पण बनवणारी माणसं जाहिरातीतलीच, शब्द पीयूष पांडेंचे, ज्यांनी नंतर फेविकॉलच्या आणि पोलिओच्या जाहिराती केल्या. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेल्याची बातमी आली, चॅनेलवर बातमीच्या मागे हेच गाणं लावलेलं, आणि मी टोरांटोमध्ये भांडी घासता घासता रडले. आजोबा, काका दोघंही आता नाहीत.

----

गुहागर. १९९५. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' केबलवर दर तासाला लागायचं आणि त्याच वर्षी आमच्या अंजनवेलला एन्रॉनचा प्रकल्प, मोर्चे, पोलीस, ऑगस्टमध्ये सरकारने करार रद्द केला आणि पुढच्या वर्षी परत केला. माझी मोठी बहीण आरशासमोर त्या गाण्यावर नाचायची आणि ओट्यावर बाबा आणि गावातली माणसं परदेशी कंपनीवर तावातावाने बोलत असायची. मला दोन्ही एकच विषय वाटायचा. अजूनही वाटतो थोडा.

----

मी मुंबईत जाहिरातीचं मराठी लिहिते, सतरा वर्षं झाली. लिहिते म्हणजे काय तर हिंदीत फिल्म तयार होते, ओठांच्या हालचाली ठरलेल्या असतात, आणि रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा तास स्क्रिप्ट हातात पडते की मराठी करून दे. हिंदीत 'क्यूंकि' म्हणताना ओठ जसे हलतात त्यात 'कारण' बसत नाही, मग 'कारण की' असं लिहायला लावतात. तुम्ही वैतागता ना टीव्हीवरचं मराठी ऐकून, मी तिथे बसलेली असते आणि रोज त्याच्यावरून भांडते, खरंच भांडते.

३ ऑक्टोबर २०२४ च्या संध्याकाळी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली. मी लोकलमध्ये होते. डोळ्यांत पाणी आलं, आईला फोन केला. दादर यायच्या आत ऑफिसचे तीन मेसेज, तीन क्लायंटना आज रात्रीच अभिनंदनाची पोस्ट हवी. एरवी ज्यांना मराठीसाठी वेगळा पैसा नको असतो तेच तिघं. मी जीव ओतून लिहिलं, प्रत्येकाला वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर एका पोस्टमध्ये स्टुडिओने जुन्या फॉन्टमधून कॉपी-पेस्ट करताना जोडाक्षरं फुटलेली, 'दर्जा' मधला रफार भलत्या अक्षरावर. अभिजात मराठीच्या अभिनंदनात. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पोस्ट रात्रभर तशीच होती आणि हजारो लाइक पडलेले. मी फोन करून ती उतरवायला लावली, नवीन चढवायला दुपार झाली, तोवर विषय जुना झालेला. क्लायंट म्हणाला, आता राहू दे.

तू शिकतेयस तर एक मागणं आहे. उद्या तुझ्या हातात बजेट येईल तेव्हा मराठीत विचार केलेली फिल्म एकदा तरी करून बघ. ओठ मराठी हलले पाहिजेत.

----

(धागाकर्ती) नक्की करेन ताई. उमरग्याच्या दादांना, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. निळीच्या दोरीबद्दल आमच्या एकाही पुस्तकात नाहीये, मला त्यांच्याकडून अजून ऐकायचंय, चालेल का?

----

तायडे, तुझा १३ मे म्हणजे आमच्या जळगावात लोकसभेच्या मतदानाचा दिवस होता भो. माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नाची, वाढदिवसाची आणि निवडणूक आली की प्रचाराची गाणी करतो. त्या वर्षी सगळ्यांना एकच पाहिजे होतं, 'गुलाबी साडी'. आमच्याच जिल्ह्यातला पोरगा संजू राठोड, त्याचं मराठी गाणं पार परदेशात रीलवर वाजत होतं, आम्हाला छाती फुगल्यासारखं व्हायचं. तर कार्यकर्ते यायचे, त्याच चालीत आमच्या भाऊंचं नाव बसव. मी सांगायचो चाल दुसऱ्याची आहे, ठेका तसा देतो पण चाल माझी करतो. निम्मे निघून गेले, निम्म्यांनी ऐकलं. त्या सीझनला अकरा चाली केल्या, कूलरसमोर बसून, बाहेर ४३-४४ डिग्री. विधानसभेला तर एका पक्षाने प्रचाराचा रंगच गुलाबी घेतला.

११ तारखेला संध्याकाळी प्रचार थांबला आणि रिक्षावरचे भोंगे बंद झाले, गाव इतकं शांत की कानात कसंतरी होतं. १३ ला मत टाकून आलो, झोपलो, उठलो तर फोनवर घाटकोपर. माझा मावसभाऊ तिकडे रिक्षा चालवतो. तीन तास फोन लागला नाही. तो सुखरूप निघाला, दुसऱ्या पंपावर गेला होता. मग रात्री मी माझीच अकरा गाणी लावून बसलो, का ते माहीत नाही, प्रत्येकात 'विकास' होता.

----

२०२० चा ऑगस्ट, नाशिक. बाबा कोविड वॉर्डात, मला आत जायला परवानगी नाही. दर वेळी फोन लावला की आधी ती कोरोनाची कॉलर ट्यून, सुरुवातीच्या दिवसात तर खोकल्याचा आवाज होता तिच्यात, मग पूर्ण सूचना आणि मग रिंग. दिवसातून चाळीस वेळा ऐकली असेन. लोक कंटाळले होते, मला समजतं. पण मी तेवढ्या वेळात देवाचं नाव घ्यायचे, कारण ती संपेपर्यंत काही वाईट कळू शकत नव्हतं. बाबा घरी आले. चार वर्षं अजून जगले.

----

पुण्यातून. घाटकोपरचं वाचल्यापासून लिहू की नको करत होतो. ५ ऑक्टोबर २०१८, शुक्रवार, जुन्या बाजाराजवळ शाहीर अमर शेख चौक. मी सिग्नलला स्कूटरवर उभा, पुढे पाच-सहा रिक्षा, कानात गाणं, आणि वर माणसं होर्डिंगचा लोखंडी सांगाडा कापत होती. खालून कापत होती. मला ते दिसत होतं आणि मी त्याबद्दल काहीच विचार केला नाही, कारण होर्डिंगकडे आपण बघतो ते वाचायला, त्या दिवशी त्याच्यावर वाचायला काही नव्हतं. मग तो सांगाडा पुढच्या रिक्षांवर आला. चार माणसं गेली. कानातलं गाणं चालूच होतं, हेडफोन काढायचं सुचलं नाही कितीतरी वेळ, आम्ही सगळे मिळून लोखंड उचलत होतो आणि ती बाई गातच होती.

आता मी होर्डिंगखाली सिग्नल लागला तर वीस फूट मागे थांबतो. मागचे हॉर्न वाजवतात, शिव्या देतात. मी हात करून वर दाखवतो. एकदा एका रिक्षावाल्या काकांनी वर बघितलं, मग तेही रिक्षा मागे घेऊन माझ्याशेजारी येऊन थांबले.