लॅपटॉपचा बोर्ड जळालाय, रिपेअर करू का नवीन घेऊ?

टॅक्सवाली_कराड
नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. परवा संध्याकाळी आमच्याकडे लाईट सारखी ये-जा करत होती, आणि शेवटी आली तेव्हा चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपमधून फट्ट आवाज आला, खालच्या जाळीतून थोडा धूर निघाला आणि तो घाण जळका वास अजून खोलीतून गेलेला नाही. प्लग ओढून काढला. डाव्या बाजूला, जिथे चार्जरची पिन लागते, तिथे हात लावला तर चांगलंच गरम होतं. आता पूर्ण बंद, चार्जिंगचा दिवासुद्धा लागत नाही.

मशीन २०१९ चं आहे, आय-फाइव्ह आठवी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ ची एसएसडी, बॅटरी गेल्या वर्षीच नवी टाकलेली. गावातल्या दुकानात नेला तर त्याने पाठचं झाकण उघडलं, बघितलं न बघितलं आणि म्हणाला मॅडम बोर्ड उडालाय, बदलायचे १६,५०० होतील. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर नुसत्या बोर्डाचे २७,००० वर जीएसटी वेगळा. कोल्हापूरचा एकजण फोनवर म्हणतोय चिप लेव्हल, म्हणजे बोर्ड न बदलता जळालेला पार्टच तेवढा बदलून देतो, ४,५०० आणि एक महिन्याची गॅरंटी. आमचे हे म्हणतात मेलेल्याला सलाईन कशाला लावतेस, हप्त्यावर नवीन घे.

माझा जीव खरा अडकलाय तो टॅलीच्या, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या, डेटात. २० तारखेला क्लायंटच्या थ्री-बी, म्हणजे जीएसटीची रिटर्न, भरायच्यात आणि पेनड्राइव्हवरचा बॅकअप मागच्या महिन्याचा आहे. काय करू सांगा.

निवांत_पाटील
नवीन घ्या ताई, विषय संपला. एवढ्या जुन्या मशीनला १६ हजार म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. आज बोर्ड, उद्या स्क्रीन, परवा बिजागरी. आमच्या ऑफिसात एक असाच दुरुस्त करून आणलेला, दोन महिन्यांत परत मेला, आणि दुकानदार म्हणतो गॅरंटी फक्त त्या पार्टची.

सोल्डर_आणि_धूर
पाटील साहेब थांबा जरा, आधी काय जळालंय ते तरी बघू, सगळ्यांनाच फासावर नको.

ताई सगळ्यात आधी, झाकण उघडंच आहे तर बॅटरीचं कनेक्टर काढून ठेवा किंवा त्या दुकानदाराकडून काढून घ्या. चार्जर काढला तरी बॅटरी बोर्डाला करंट देतेच, आत शॉर्ट असेल तर उगाच अजून जळेल. आणि चालू होतोय का म्हणून परत परत बटण दाबू नका.

आता जळण्याचं. चार्जरचे १९ व्होल्ट आत येतात तिथे दारातच मॉसफेट असतात, म्हणजे करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, काळे चौकोनी, आठ पायांचे, नखापेक्षा लहान. लाईटच्या झटक्यात बऱ्याचदा हे जातात नाहीतर शेजारचा सिरॅमिक कपॅसिटर शॉर्ट होतो. तुम्ही सांगताय त्यावरून, म्हणजे पिनेजवळ गरम आणि दिवा बंद, मला तरी हेच वाटतंय. असं असेल तर काम अवघड नाही, पार्टला किंमत नसतेच जवळपास, पैसे शोधणाऱ्या माणसाचे. आम्ही काय करतो तर त्या लाइनला बेंच सप्लायवरून व्होल्टभर सोडतो आणि बोर्डावर आयपीए, म्हणजे पटकन उडून जाणारं अल्कोहोल, शिंपडतो, जिथलं सगळ्यात आधी उडून सुकतं तो पार्ट शॉर्ट. थर्मल कॅमेरा असला की तेवढंही करायला लागत नाही.

पण खालचा बोर्डच जळाला असेल तर गोष्ट वेगळी. लॅपटॉपच्या बोर्डात आत तांब्याचे सहा, आठ, कधी दहा थर असतात, मधलं फायबर जळून कोळसा झालं की तो कोळसाच करंट वाहून नेतो. त्यावर नवीन पार्ट बसवून उपयोग नाही, तोही जळणार. ते काळं पडलेलं बारीक ड्रिलने स्वच्छ पिवळट फायबर दिसेपर्यंत कोरून काढायचं, तुटलेल्या ट्रॅकला एनॅमलच्या तारेचे जंपर ओढायचे आणि वरून यूव्ही मास्क, म्हणजे यूव्ही लाईटखाली कडक होणारा लेप. होतं हे, मी केलंय, पण आतले दोन थर एकमेकांना चिकटले असले की दुरुस्त झालेलं मशीन चार-सहा महिन्यांनी परत येतं, त्यामुळे असल्याला मी स्वतःच गिऱ्हाइकाला नको म्हणतो.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे प्रोसेसर गेला तर. त्याला लागतं १ व्होल्टच्या आसपास, ते १९ वरून खाली आणणारा वरचा मॉसफेट आरपार शॉर्ट झाला तर १९ चे १९ सरळ प्रोसेसरमध्ये घुसतात. तुमच्यातला प्रोसेसर बोर्डावरच सोल्डर असणार, सॉकेट नाही. तो गेला की बोर्डही गेला, मग नवीनच बघा. फक्त एक, प्रोसेसरच्या कॉइलवर मीटर लावून बीप वाजलं की लगेच "शॉर्ट आहे, गेला" म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या लाइनचा रेझिस्टन्स चांगल्या बोर्डातही एवढा कमी असतो की मीटर बीप करतंच.

तर कोल्हापूरवाल्याला दोनच गोष्टी विचारा, जळालेली जागा मायक्रोस्कोपखाली मला दाखवणार का आणि नाही झालं तर पैसे किती. बोर्ड न बघता फोनवर ४,५०० सांगतोय म्हणजे अंदाजच आहे तो. आणि हीट गनने शेकून चालू करून देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

घाटावरचा_सिस्टीमवाला
वरचं सगळं बरोबर, पण ताईंना २० तारीख गाठायचीय, बोर्ड त्यानंतरही बघता येईल. २०१९ च्या मशीनमध्ये एसएसडी बहुतेक वेगळी निघते, एक स्क्रू असतो. तिच्या पिनांच्या कडेच्या खाचा बघा, एक खाच असेल तर शक्यतो एनव्हीएमई प्रकारची, दोन असतील तर साटा, त्याप्रमाणे यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे एसएसडी बसवायची डबी, घ्या, हजार-दीड हजारात मिळतं, दोन्ही चालणारंही येतं. दुसऱ्या लॅपटॉपला लावायचं आणि टॅलीचा डेटा फोल्डर उचलायचा.

एक अडचण येऊ शकते. ड्राइव्ह बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डेटा-कुलपाने, लॉक असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल, घाबरू नका, विंडोजला ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत होतात त्यातच सेव्ह असते बहुतेक वेळा, मोबाईलवरून बघता येते. बोर्ड बदललात तरी तीच की लागणार, कारण कुलपाची चावी जुन्या बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये राहते. म्हणून १६,५०० वाल्याला एसएसडीसकट मशीन देऊ नका, आणि तो बोर्ड नवा आहे का दुसऱ्या भंगार मशीनमधून काढलेला तेही विचारा. त्या भावात नवा येईल असं मला नाही वाटत.

निवांत_पाटील
ठीक आहे, डेटाचं पटलं. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, ते कोणी बोलत नाही. टॅक्सचं काम करणाऱ्याने जुन्या विंडोजवर क्लायंटचे पासवर्ड ठेवायचे का?

घाटावरचा_सिस्टीमवाला
आठव्या जनरेशनला विंडोज ११ चालतं, मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. सातवी असती तर तुमच्या बाजूने बोललो असतो. आणि सध्या रॅम-एसएसडीचे भाव बघितलेत का, नवीन लॅपटॉप पण त्याच हिशोबाने चढलेत. ४,५०० मध्ये अजून दोन वर्षं निघाली तर काय वाईट. माझी रेघ अशी, तशाच सेकंडहँड मशीनच्या निम्म्या किमतीपर्यंत खर्च करायचा, त्यावर एक रुपया नाही. १६,५०० तर मीही देणार नाही.

टॅक्सवाली_कराड
सगळ्यांचे आभार. एसएसडी एका खाचेची निघाली, भाच्याने एन्क्लोजर आणून त्याच्या लॅपटॉपला लावली, की मागितलीच पण अकाउंटमध्ये सापडली. टॅलीचा डेटा मिळाला, थ्री-बी त्याच्याच लॅपटॉपवर बसून भरते आहे, तो कुरकुरतोय ते सोडा.

मशीन कोल्हापूरला नेलं, एसएसडी घरी ठेवून. माणूस बरा निघाला, स्वतःच म्हणाला या बसा आणि स्क्रीनवर मोठं करून दाखवलं. पिनेजवळच्या मॉसफेटला मधोमध खड्डा पडलाय, कडेने राखाडी, पण तो काढून पुसल्यावर खालची तांब्याची जागा चकचकीत आहे, बोर्ड काळा नाही. प्रोसेसरची लाइन पण मीटरने बघितली, त्याच्याकडच्या तसल्याच चांगल्या बोर्डाशी ताडून. दोन मॉसफेट आणि चार्जिंगची आयसी बदलायची म्हणतोय, ३,८०० सांगितले, नाही झालं तर तपासणीचे ३०० फक्त. हो म्हणून आलेय. एवढं सगळं सांगितल्यावर आमचे हे म्हणतात, मग मी काय वेगळं म्हणत होतो!

सोल्डर_आणि_धूर
उत्तम. चांगल्या बोर्डाशी ताडतो म्हणजे काम येतं त्याला. फक्त जुना चार्जर लावून चेक करू देऊ नका, झटका त्याच्यातूनच आत आलाय. आधी मीटरवर बघायला सांगा, १९.५ लिहिलं असेल तर तेवढेच यायला हवेत आणि लोड दिल्यावरही टिकायला हवेत. शंका आली तर नवा ओरिजिनल घ्या, रस्त्यावरचा ४०० चा नको. काही कंपन्यांच्या गोल पिनेत मधे बारीक सुई असते, त्यावरून बोर्ड चार्जर ओळखतो, डुप्लिकेट लावला की चार्जिंग होत नाही आणि मशीन रडत चालतं, मग लोक म्हणतात रिपेअरवाल्याने बिघडवलं. आणि घरातल्या त्या सॉकेटचं अर्थिंग वायरमनला बघायला सांगा, लॅपटॉप घरी यायच्या आधी.