खालच्या लीगमधली बारा वर्षे : रोबेर्तो मार्तिनेझ यांच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीविषयी एक प्रश्न

परभणीचा क्रीडाशिक्षक

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात क्रीडाशिक्षक आहे. आमच्या मैदानाचा अर्धा भाग मुरमाचा आणि अर्धा काळ्या मातीचा असल्यामुळे पावसाळ्यात मुले एकाच बाजूला फुटबॉल खेळतात आणि सराव संपल्यावर बुटांच्या तळाला चिकटलेली माती काडीने खरवडत बसतात. या मुलांपैकी एक जण मधल्या फळीत खेळतो, वय वीस, विद्यापीठाच्या संघात दोनदा निवड झालेली. गेल्या महिन्यात पुण्याच्या एका क्लबने त्याला जागा देऊ केली. हा संघ स्थानिक लीगच्या खालच्या श्रेणीत खेळतो आणि राहण्याची सोय व थोडे मानधन देतो. मुलाच्या वडिलांचे म्हणणे असे की, खेळायचेच असेल तर मोठ्या संघात खेळावे, नाहीतर पदवी घेऊन घरी यावे आणि वावर पाहावे. या दोहोंच्या मधली जागा त्यांच्या दृष्टीने जागाच नव्हे. त्यांचे मला चुकीचे वाटत नाही, कारण पाऊस आणि सोयाबीनचा भाव या दोन्ही अनिश्चित गोष्टींवर ज्याचे घर चालते, तो माणूस लेकराला तिसऱ्या अनिश्चित गोष्टीत सहजासहजी लोटणार नाही.

याच काळात २०२५ च्या जूनमध्ये पोर्तुगालने नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात स्पेनला पेनल्टींवर हरवले. पोर्तुगालचे प्रशिक्षक रोबेर्तो मार्तिनेझ हे स्वतः स्पेनचे आहेत, असे मी सरावानंतर मुलांना सांगत होतो, तेव्हा या मुलाने विचारले, "सर, ते स्वतः कुठे खेळले?" ते इंग्लंडमध्ये कुठेतरी खालच्या पातळीवर खेळले, एवढेच मला सांगता आले, आणि ते उत्तर मला अपुरे वाटले.

म्हणून जाणकारांना विचारतो. प्रशिक्षक होण्याआधीची त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द नेमकी कशी होती? ती वर्षे केवळ पुढच्या यशाची वाट पाहण्यात गेली असे म्हणावे, की तीच एक पूर्ण कारकीर्द मानावी? त्या खालच्या लीगची रचना कशी असते, हेही समजावून सांगितल्यास मी ते मुलाला आणि त्याच्या वडिलांना सांगू शकेन.

नांदेडहून एक वाचक

सर, आपण प्रश्न फार नेमका विचारला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मार्तिनेझ यांचा जन्म १९७३ चा, कातालोनियातील बालागेर या छोट्या गावचा. उमेदवारीच्या वयात ते रेआल सारागोसा या मोठ्या क्लबमध्ये होते, परंतु तिथल्या मुख्य संघाकडून त्यांना लीगचा एकच सामना खेळायला मिळाला. त्यानंतर ते आपल्या गावच्या छोट्या संघात परतले. वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी मोठ्या क्लबचे दार बंद होऊन गावी परत येणे म्हणजे काय असते, हे आपल्याकडच्या कोणाला वेगळे सांगावे लागणार नाही.

१९९५ च्या उन्हाळ्यात विगन ॲथलेटिक या इंग्लिश क्लबने त्यांना हेसुस सेबा आणि इसिद्रो दियास या आणखी दोन स्पॅनिश खेळाडूंसह करारबद्ध केले. त्याच वर्षी डेव्ह व्हेलन या उद्योजकाने तो क्लब विकत घेतला होता. विगन तेव्हा 'थर्ड डिव्हिजन'मध्ये होता, आणि या नावाने फसू नये: सर्वांत वरची प्रीमियर लीग वेगळी निघाल्यामुळे थर्ड डिव्हिजन ही प्रत्यक्षात चौथी पायरी होती. आज तिलाच लीग टू म्हणतात. वरून खाली प्रीमियर लीगचे २० आणि चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू यांचे प्रत्येकी २४ असे एकूण ९२ संघ होतात, आणि त्यांच्याही खाली नॅशनल लीग व शेकडो गावांचे संघ आहेत. प्रत्येक पायरीवरून दरवर्षी काही संघ वर जातात आणि काही खाली येतात. प्रीमियर लीगच्या खालच्या या तीन श्रेणींत ऑगस्ट ते मे या काळात एकेका संघाला लीगचेच ४६ सामने खेळावे लागतात, शिवाय चषक स्पर्धा वेगळ्या. शनिवारी सामना, मंगळवारी रात्री पुन्हा सामना, मध्ये बसचा लांब प्रवास, असा तो क्रम असतो.

त्या काळी या पायरीवरचा खेळ बहुतांशी उंच चेंडू, जोरदार टक्कर आणि चिखल यांचा होता. सारागोसात छोट्या पासवर वाढलेल्या मुलाला तिथे चेंडू जमिनीवर ठेवून खेळायचे होते. मार्तिनेझ यांनी ते केले. १९९६-९७ मध्ये विगनने ती श्रेणी जिंकली, आणि तीही कशी, ते मुद्दाम सांगण्यासारखे आहे: विगन आणि फुलहॅम या दोघांचेही ८७ गुण झाले होते. गोलफरक, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करून, पाहिला असता तर फुलहॅम एका गोलाने पुढे होता. परंतु त्या वर्षांत बरोबरी झाल्यास ज्याने जास्त गोल केले तो वरचा, असा नियम होता. विगनचे ८४ गोल होते आणि फुलहॅमचे ७२. विजेतेपद विगनला मिळाले. १९९९ मध्ये वेम्ब्लीवर मिलवॉलला १-० ने हरवून विगनने खालच्या दोन श्रेणींच्या संघांसाठी असलेला लीग ट्रॉफी हा चषक घेतला. सन २००० मध्ये त्याच वेम्ब्लीवर वर चढण्याच्या शेवटच्या सामन्यात जादा वेळेत जिलिंगहॅमकडून ३-२ ने हरले.

विगनला मार्तिनेझ यांनी सहा वर्षे दिली. त्यानंतर स्कॉटलंडमध्ये मदरवेल आणि पुन्हा इंग्लंडमध्ये वॉल्सॉल ही दोन ठिकाणे त्यांना फारशी लाभली नाहीत, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

२००३ च्या सुरुवातीला ते स्वान्सी सिटीत आले. स्वान्सी शहर वेल्समधले, पण संघ इंग्लिश लीगमध्ये खेळतो. हा संघ तेव्हा चौथ्या पायरीच्या तळाशी होता आणि लीगमधून बाहेर पडण्याच्या बेतात होता. ३ मे २००३ रोजी मोसमाच्या शेवटच्या दिवशी हल सिटीविरुद्ध स्वान्सी एकदा १-२ असा मागेही पडला, आणि नंतर ४-२ ने जिंकला. त्या दिवशी नुसती बरोबरी झाली असती तरी स्वान्सी बाहेर गेला असता, कारण तळाशीच झगडणाऱ्या एक्सेटर या संघाने आपला सामना जिंकला होता. अखेरीस ४९ विरुद्ध ४८, एका गुणाने संघ वाचला. माझ्या मते मार्तिनेझ यांच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीचे सर्वांत मोठे फळ कोणत्याही चषकापेक्षा हे वाचणे आहे, कारण तो संघ तिथेच बुडाला असता तर पुढचे काहीच घडले नसते. २००५ मध्ये स्वान्सी वरच्या श्रेणीत गेला, २००६ मध्ये लीग ट्रॉफी जिंकला. त्याच वर्षी क्लबने मार्तिनेझ यांना मोकळे केले आणि ते चौथ्या पायरीवरच्या चेस्टर सिटीत गेले. तिथे खेळत असतानाच, फेब्रुवारी २००७ मध्ये, स्वान्सीने त्यांना प्रशिक्षक म्हणून परत बोलावले. ज्याला नऊ महिन्यांपूर्वी खेळाडू म्हणून ठेवले नाही, त्याच्याच हाती संघ दिला.

यातून आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते की, ती वर्षे वाट पाहण्याची नव्हती. चौथ्या पायरीवरचा ड्रेसिंग रूम, तिथल्या खेळाडूच्या मर्यादा आणि त्याची भीती ज्याने आतून पाहिली होती, अशा माणसानेच २००७-०८ मध्ये स्वान्सीला ९२ गुणांनी लीग वन जिंकून दिली. त्यासाठी त्यांनी स्पेनच्या खालच्या श्रेणीतून आन्हेल रान्हेल याच्यासारखा बचावपटू आणला, जो पुढे प्रीमियर लीगपर्यंत त्याच क्लबबरोबर चढत गेला आणि त्या क्लबमध्ये एकूण अकरा वर्षे टिकला.

जुना बचावपटू, छत्रपती संभाजीनगर

वरील माहिती उत्तम आहे, परंतु मला एका गोष्टीबद्दल सावध करायचे आहे. विगनला एकाच वेळी तीन स्पॅनिश खेळाडू आले होते. आज जगाला त्यांतील एकाचे नाव माहीत आहे. सेबा आणि दियास हेही चांगलेच खेळाडू होते, तेही त्याच थंडीत, त्याच मैदानावर खेळले. मुलाला मार्तिनेझ सांगताना त्या दोघांनाही सांगा, म्हणजे त्याला पूर्ण चित्र दिसेल.

मी आमखास मैदानावर वाढलो. तेविसाव्या वर्षी दुसऱ्या शहरातील एका क्लबने बोलावले म्हणून गेलो. सगळे बोलणे तोंडी झाले होते. चौथ्या महिन्यात गुडघ्याची शिर तुटली, तेव्हा शस्त्रक्रियेचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न निघाला आणि ज्यांनी मला स्टेशनवर घ्यायला गाडी पाठवली होती ते फोन उचलेनासे झाले. शेवटी वडिलांनी म्हैस विकली. म्हणून सर, मुलाला पाठवायचे की नाही हे ठरवण्याआधी क्लबकडून लेखी घ्या: किती महिन्यांचा करार, मानधन कोणत्या तारखेला, आणि दुखापत झाली तर उपचार कोणाकडे. यात संकोच करू नये.

अंबाजोगाईकर

मी नोकरीनिमित्त २०११ पासून काही वर्षे मँचेस्टरच्या उत्तरेला राहत होतो, आणि घरापासून जवळ होता म्हणून बरी या क्लबचे सामने पाहायला जात असे. भारतीय वाचकाला हे नाव आठवावे, कारण १९९९ मध्ये भाईचुंग भुतिया याच क्लबकडून खेळायला गेले होते. तेव्हा बरी तिसऱ्या पायरीवर होता, आणि विगनही त्याच पायरीवर. म्हणजे सिक्कीमचा भुतिया आणि बालागेरचा मार्तिनेझ हे दोघे त्या मोसमात एकाच श्रेणीत, एकमेकांपासून तासाभराच्याही आत असलेल्या गावांत, पोटासाठी फुटबॉल खेळत होते. ही गोष्ट मला फार जवळची वाटते.

दोघांत फरक एवढाच की, भुतिया यांना कामाचा परवाना मिळवावा लागला. स्पेन १९८६ पासून युरोपीय समुदायात असल्याने मार्तिनेझ यांना तो लागला नाही. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, १ जानेवारी २०२१ पासून, स्पॅनिश खेळाडूलाही गुणांच्या कसोटीतून जावे लागते. त्या गुणांमध्ये देशाच्या संघाकडून आणि मोठ्या लीगमध्ये खेळलेल्या सामन्यांना वजन असते, म्हणून छोट्या गावच्या संघातला अनोळखी मुलगा त्यात बसणे जवळपास अशक्य झाले. २०२३ मध्ये नियम थोडे सैल झाले आणि लीग वन व लीग टूच्या क्लबांना कसोटीत न बसणारे जास्तीत जास्त दोन खेळाडू घेण्याची मुभा मिळाली. तरीही १९९५ साली जशी तिघांची एकदम भरती झाली, तशी आज होणार नाही. मुलाच्या मनात इंग्लंडचे स्वप्न असेल तर हे त्याला आत्ताच सांगावे.

आता प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. बरीचे मैदान, गिग लेन, घरांच्या ओळींच्या मधोमध आहे. नोव्हेंबरातील एका मंगळवारी रात्री मी तिथे होतो. पाऊस आडवा येत होता आणि प्रेक्षक दोन-तीन हजारांच्या आतच असावेत. माझ्या शेजारी एक आजोबा गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसले होते आणि प्रत्येक खेळाडूला पहिल्या नावाने हाक मारत होते, जसे आपण गल्लीतल्या मुलांना मारतो. सामना बरोबरीत सुटला. बाहेर पडताना पाहिले तर ज्याने शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून चेंडू काढला होता तो खेळाडू स्वतःची पिशवी खांद्यावर टाकून वाहनतळाकडे चालत निघाला होता. दोन मुलांनी त्याला थांबवले, त्याने पिशवी ओल्या जमिनीवर ठेवली, दोघांच्या वह्यांवर सह्या केल्या आणि त्यांना शाळेबद्दल काहीतरी विचारले. तो खेळाडू कधीही दूरचित्रवाणीवर दिसला नसेल. त्या दोन मुलांसाठी मात्र तो पूर्ण खेळाडू होता.

या लीगची काळी बाजूही लिहितो. पैशाच्या गोंधळामुळे ऑगस्ट २०१९ मध्ये बरी क्लबला लीगमधून काढून टाकण्यात आले. १८८५ मध्ये स्थापन झालेला क्लब. मार्तिनेझ जिथे शेवटचे खेळले तो चेस्टर सिटी २०१० मध्ये न्यायालयाच्या आदेशाने बंद झाला, आणि तिथल्या चाहत्यांनी नवा क्लब उभारून तो कितीतरी पायऱ्या खालून पुन्हा सुरू केला. तिथे बहुतेकांचे करार एक-दोन वर्षांचे असतात. मोसम संपला की कोणाला ठेवले आणि कोणाला सोडले याची यादी क्लब जाहीर करतो, आणि तिशीतला, लेकुरवाळा माणूस ती यादी वाचत असतो. मार्तिनेझ यांनी फिजिओथेरपीचे शिक्षण घेतले होते, ही गोष्ट मुलाच्या वडिलांना अवश्य सांगावी. पदवी आणि खेळ यांतून एक निवडावे लागते असे नाही.

परभणीचा क्रीडाशिक्षक

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल संध्याकाळी मुलगा आणि त्याचे वडील दोघेही घरी आले होते. मी ९२ संघांची उतरंड कागदावर काढून दाखवली आणि विगन चौथ्या पायरीवर कुठे होता, त्यावर पेन ठेवले. वडिलांनी तो कागद बराच वेळ पाहिला आणि विचारले, "म्हणजे एवढ्या खालच्यालाबी पगार असतो का?" पहिल्या चार पायऱ्यांवर खेळणे हाच पूर्णवेळचा व्यवसाय असतो आणि आणखी खाली पुष्कळ जण नोकरी सांभाळून खेळतात, असे मी सांगितले. तेव्हा ते म्हणाले की, नोकरी सांभाळून खेळणारा माणूस त्यांना समजतो, कारण त्यांचे थोरले बंधू कारखान्यात काम करून कबड्डी खेळत असत.

गुडघ्याची हकिकतही मी जशीच्या तशी सांगितली. ती ऐकून मुलगा गप्प झाला, वडील मात्र झाले नाहीत. त्यांनी क्लबला विचारायचे प्रश्न मुलाकडून वहीत लिहून घेतले. त्यात त्यांनी स्वतःचा एक वाढवला: तृतीय वर्षाच्या परीक्षेच्या पंधरवड्यात मुलाला गावी सोडणार का. येत्या रविवारी आम्ही तिघे पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन ही वही क्लबच्या सचिवांपुढे ठेवणार आहोत. दुखापतीच्या विम्याबद्दल करारात कोणते शब्द असायला हवेत, हे संभाजीनगरच्या आपल्या मित्रांनी शनिवारपर्यंत लिहिले तर फार उपकार होतील.