मदत हवी आहे: विचारांचं गुऱ्हाळ थांबवून कामाला हात कसा घालायचा?

चार ओळींचा ईमेल आहे. नऊ दिवस ड्राफ्टमध्ये पडून. रोज उघडते, 'नमस्कार'नंतरचा स्वल्पविराम काढते, परत घालते, बंद करते. आणि रात्री दोन वाजता समोरच्याची सगळी संभाव्य उत्तरं डोक्यात तयार!

थोडं वाचून प्रयोग केलेत. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांची 'अमुक झालं की लगेच तमुक करायचं' अशी आधीच ठरवून ठेवायची पद्धत आहे. मी ठरवलं: लॅपटॉप उघडला की पहिला तोच ईमेल. तिसऱ्या दिवशी लॅपटॉपच उघडला नाही. (हसू नका.) काळजीसाठी रोज एकाच वेळी, एकाच जागी अर्धा तास राखून ठेवायचा, हा थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये तपासलेला उपाय मात्र जरा लागू पडला. झोप सुधारली. ईमेल तिथेच.

ज्यांना जमलंय त्यांनी सांगा, त्या 'अमुक'साठी तुम्ही नेमकं काय निवडलंत, जे टाळताच येत नाही? आणि पहिली पायरी किती बारीक केलीत? 'जास्त विचार करू नकोस' हे घरी रोज ऐकते, ते सोडून काहीही चालेल.