'i' वरचा टिंब

काहींना वाटतं की मार्चिंग बँड म्हणजे गणवेश घालून चालत वाजवणं, बाकी काही नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बँडचं एकदा बघाच. १८७८ साली लष्करी कवायतीसाठी सुरू झालेला हा बँड. १९३४ पासून फक्त पितळी वाद्यं आणि ताशे-ड्रम. क्लॅरिनेट, बासऱ्या हद्दपार.

पण खरी गंमत १९३६ पासूनची. फुटबॉलच्या मैदानावर सगळे वादक एकामागोमाग एक, वाजवत चालत, आपल्या रांगेनेच, मोडी लिहावी तसं न तुटता 'ओहायो' हे वळणदार इंग्रजी अक्षरांत लिहितात. शेवटी सूझाफोन हे भलंमोठं पितळी वाद्य घेतलेला एक वादक रुबाबात पावलं टाकत येतो, त्यातल्या 'i' या अक्षराच्या डोक्यावर टिंब होऊन उभा राहतो आणि कमरेत वाकून दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांना अभिवादन करतो. अंगाभोवती गुंडाळलेलं ते धूड सांभाळून वाकायचं, बरं का! पहिला टिंब मात्र ट्रम्पेटवाला होता. आता हा मान वर्षानुवर्षं घासलेल्या सूझाफोनवाल्यांचा. विनोदी नट बॉब होपसारख्या पाहुण्याला तो मिळणं हा अपवाद.

आणि प्रतिस्पर्धी मिशिगन विद्यापीठवाले चिडवतात ते खोटं नाही. मैदानावर 'ओहायो' आधी त्यांच्याच बँडने लिहिलं होतं, १९३२ मध्ये. टिंबाचा थाट मात्र ओहायोचाच.