मदत हवी आहे: सिडकोचा लीजवरचा फ्लॅट घ्यावा का? गळक्या गच्चीचा खर्च कोणाचा?

नमस्कार मंडळी,

नेरुळला सिडकोच्या जमिनीवरच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचा फ्लॅट बघितला. जमिनीची लीज (भाडेपट्टा) ६० वर्षांची, १९८६ पासूनची. म्हणजे २०४६ ला संपणार. बँकेतही पहिला प्रश्न तोच आला, लीज किती उरली? दुसरा फ्लॅट डोंबिवलीत, एजंट म्हणतो फ्रीहोल्ड आहे, म्हणजे जमीन लीजवर नाही, बिनधास्त घ्या. पण तिथे बिल्डरने अजून कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, करून दिलेलं नाही.

नेरुळच्या बेडरूमच्या छताला ओल आहे. विकणारे काका म्हणतात, "मालक सिडको, त्यांच्याकडे अर्ज करा." हे खरं आहे का? आईची निवृत्तीची रक्कम यात जाणार आहे, म्हणून जीव खालीवर होतोय. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
दादा, काकांचं चुकतंय. सिडको जमिनीची मालक, तुमच्या गच्चीची नाही. गच्ची गळली तर दुरुस्ती सोसायटीने करायची, आदर्श उपविधींत (सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत) तसंच आहे. तुमच्या बाथरूममधून खालच्यांकडे पाणी उतरलं तर मात्र खर्च तुमचा. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) ०.२५ टक्के घेतात. मालमत्ता कर आणि मेंटेनन्स दोन्हीकडे तुमच्याच खिशातून.

फरक पडतो तो परवानगीत. लीजच्या घराला विकताना सिडकोची एनओसी आणि हस्तांतरण शुल्क लागतं, पुनर्विकासालाही त्यांची मंजुरी. ते शुल्क कोण भरणार हे टोकन देण्याआधीच कागदावर घ्या, आमच्याकडे यावरूनच महिनाभर वाद चालला.

आणि डोंबिवलीचं 'बिनधास्त' मला पटत नाही. कन्व्हेयन्स झालं नाही म्हणजे जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्याच नावावर. सोसायटी नोंदली गेल्यापासून चार महिन्यांत त्याने ते करून द्यायला हवं होतं. आता सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी (बिल्डरने न दिलेलं कन्व्हेयन्स त्याच्याशिवाय मिळवण्यासाठी) अर्ज करता येतो. केलाय का, विचारा.

प्रतिसाद २:
नेरुळची इमारत तिशी ओलांडलेली आहे. अशा इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर तीन वर्षांनी व्हायला हवं. शेवटचा अहवाल मागा, ओलीचं कारण त्यात सापडू शकेल.

मूळ प्रश्नकर्ता:
ताई, दादा, मनापासून आभार. ऑडिटचं माझ्या डोक्यातच नव्हतं. रविवारी सेक्रेटरींना भेटून अहवाल आणि लीज डीडची प्रत मागतो. तोवर टोकन देत नाही.